आधी पाणी घ्या

राजूरला अंगारकीच्या रात्री उपाशी राहायचं ठरवलं तरी कुणी राहू देत नाही. गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी हे पूर्ण पीठ मानतात. त्यामुळे जालन्याहून, भोकरदनहून, छत्रपती संभाजीनगराकडून माणसं रात्रभर पायी येतात, आणि त्यांची वाट बघत रस्त्याकडेला मंडप टाकून बसलेली माणसं त्यांच्याहून जास्त उत्साहात असतात. उपासाचा दिवस, पण हाकेच्या अंतरावर साबुदाण्याची खिचडी, मग केळी, मग भगर, मग राजगिऱ्याचे लाडू, आणि मधल्या सगळ्या जागेत चहा. "घ्या भाऊ, केळं घ्या." नको म्हटलं तर समोरच्याचा चेहरा उतरतो. त्याच्या पुण्याच्या हिशेबात आपण एक केळं कमी केलेलं असतं. जालना ते राजूर पंचवीसेक किलोमीटर. तेवढं चालून माणूस दमतो, पण खरा टेकीला येतो तो फराळानं. टेकडी चढून राजुरेश्वरापुढं वाकायचं म्हटलं की पोट मध्ये येतं.

हे बघून बघून माझं एक मत पक्कं झालेलं आहे. सेवा घेणाऱ्यापेक्षा सेवा करणाऱ्याला दुसऱ्याची गरज जास्त असते. अंगारकीला ते चालून जातं, कारण चालणाऱ्याला थोडी तरी भूक असते आणि नाही म्हणायला तोंड असतं. पूर, भूकंप, दुष्काळ यांत सापडलेल्याला भूक असते, पण नाही म्हणायची सोय राहत नाही. जे येईल ते घ्यावं लागतं, वर हसून घ्यावं लागतं, आणि बहुधा फोटोत घ्यावं लागतं.

संकट कुठलंही असो, पहिल्या दोन-तीन ट्रकांत जुन्या कपड्यांचा एक हमखास असतो. 1993 साली 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून माळवदाच्या घरांत झोपलेली. आठ हजारांच्या आसपास माणसं त्या दगडामातीखाली गेली. सगळा देश मदतीला धावला, आणि धावता धावता घरातली कपाटंही रिकामी करून आला. त्या दिवसांत तिकडं राबलेल्या कुणालाही विचारा, तो कपड्यांच्या ढिगाचं सांगतो. ज्या बाईनं जन्मात नऊवारीशिवाय काही नेसलं नाही तिच्या हातात सलवार, तीही ओढणीशिवाय. शहरातल्या माणसाला वाटतं की ज्याचं सगळं गेलं त्याला काहीही चालेल. पण ज्याचं सगळं गेलं त्याला काहीच चालत नाही, त्याला त्याचं तेच हवं असतं. ते तर देता येत नाही, म्हणून आपण स्वेटर देतो.

मग स्टिकरचा जमाना आला. 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे वाटलेल्या धान्याच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो निघाले आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. मला त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणाऱ्याचं नाव असतं, आणि ते वाचायचं तर पंखा बंद करावा लागतो.

चर्चची मंडळी या सगळ्याला अपवाद आहेत असं मी म्हणणार नाही. बॅनर त्यांच्याकडेही असतो आणि फोटोही निघतात. पण 2025 च्या सप्टेंबरात त्यांच्या एका टेम्पोबरोबर जायचा योग आला आणि ही माणसं जवळून बघायला मिळाली. त्या महिन्यात मराठवाड्यात पाऊस असा कोसळला की टँकरची वाट बघण्यात हयात गेलेली गावं होडीची वाट बघत बसली. जायकवाडीतून पाणी सोडलं, गोदाकाठच्या शिवारांत कापूस आणि सोयाबीन उभ्यानं सडलं. आमच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघानं किट भरली होती: तांदूळ, गहू, तूरडाळ, गोडेतेल, साखर, चहापत्ती, साबण, काडेपेटी. टेम्पो निघण्याआधी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. त्यांनी पूरग्रस्तांसाठी प्रार्थना केली, मग शासनासाठी, मग चालकासाठी, मग रस्त्यासाठी. रस्त्यासाठी केलेली मात्र अगदीच वाया गेली नाही. टेम्पो दोनदा चिखलात रुतला आणि दोन्ही वेळा निघाला.

गावात पोचलो तर पहिली गोष्ट काय झाली? ज्यांच्या घरात कमरेएवढं पाणी शिरून गेलं होतं, ज्यांची भांडी अजून चिखलात होती, त्यातल्या एका आजीनं स्टीलचा तांब्या आणि पेला पुढं केला. "आधी पाणी घ्या, लांबून आलात." पाणी कुठून आणलं होतं देव जाणे; गावातला सगळा पाणीसाठा गढूळ झालेला. पाळकसाहेबांनी पेला घेतला, डोळे मिटले आणि प्याले. डोळे मिटले ते प्रार्थनेसाठी की पाण्याच्या रंगासाठी, ते मी विचारलं नाही.

मग वाटप. प्रार्थना इथंही झाली. गावकरी हात जोडून उभे राहिले. प्रार्थनेला उभं राहायचं त्यांना सांगावं लागत नाही, सप्त्याची सवय आहे. शेवटी तरुण संघानं "आमेन" म्हटलं, तेव्हा मागून एका माळकरी बाबांनी खणखणीत आवाजात "रामकृष्णहरी" म्हणून ते पुरं केलं. कुणाला काही खटकलं नाही.

खटकलं ते पुढं. आजींनी किट उघडलं, गव्हाची पिशवी हातात तोलली आणि संघाच्या पोराला म्हणाल्या, "लेकरा, गहू चांगलाय. पण दळू कुठं?"

गिरणी पाण्यात गेलेली. वीज चार दिवसांपासून नव्हती. काडेपेटी होती, पण सरपण भिजलेलं. गावाला आठ दिवस पुरेल इतका गहू टेम्पोत होता आणि त्याची एक पोळीसुद्धा होणार नव्हती. तेव्हा मंडळीच्या महिला मंडळातल्या एक मावशी पुढं झाल्या. निघायच्या आधी त्या एकट्याच म्हणाल्या होत्या की कुणीतरी गावात फोन करून विचारा काय हवंय. त्यांना उत्तर मिळालं होतं की मावशी, वेळ नाहीये. आता मावशींनी उत्तर द्यायचं सोडून दिलं आणि कामाला लागल्या. गव्हाच्या गोण्या परत टेम्पोत चढवल्या, वीज असलेल्या गावातली गिरणी गाठली, दळण उतरवलं. संध्याकाळी पीठ घेऊन टेम्पो परत आला तेव्हा बॅनर कुठंतरी चिखलात पडला होता आणि तो उचलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मला विचाराल तर त्या दिवशीची खरी मदत तिथून सुरू झाली.

चर्चच्या माणसांचं हे काम जालन्याला काही नवीन नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री नावाचे गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या साठच्या दशकात इथं आले. जन्मानं ब्राह्मण, मुंबईत शिकताना 1843 साली ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती याच्यावरून कोर्टकज्जा झाला, आणि पोराला परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली. तो सगळा इतिहास आपल्याकडे श्रीपतीच्या बाजूनं सांगितला जातो. नारायणराव पुढं जालन्याला गेले, एवढ्यावर तो संपतो. पण त्यांनी सालारजंगांकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं. निजामाचा मुसलमान दिवाण, ख्रिस्ती झालेला ब्राह्मण आणि वस्तीला आलेले मांग-महार. एवढी माणसं एका सातबाऱ्यावर आणणं आजच्या तहसीलदाराला जमायचं नाही. 1873 साली ते न्यूयॉर्कच्या परिषदेत बोलून आले, म्हणजे शिकागोच्या धर्मपरिषदेच्या वीस वर्षं आधी. आपल्या लेखी जालन्याची ओळख आहे स्टील आणि बियाणं. असो.

मला सांगायचंय ते त्यांच्या मिशनच्या पुढच्या पिढ्यांचं, आणि त्यासाठी 1972 सालात जावं लागेल. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांचं कॅलेंडर तिथूनच सुरू होतं. कुणाचं लग्न विचारा, "दुष्काळाच्या आदल्या साली." कुणाचा जन्म विचारा, "खडी फोडायच्या कामावर." पाऊस आधीच दोन वर्षं हात राखून होता, बहात्तरला त्यानं हात वरच केले. पोटाला परदेशातून आलेला लाल मिलो, पोरांना सुकडी, आणि मोठ्यांना दुष्काळी कामावर पाझर तलाव आणि रस्त्याची खडी. मिलोच्या भाकरीविषयी एक आजोबा सांगायचे, "अमेरिकेत जनावरं खायची म्हणत्यात. आम्ही इचारलं नाही कोण खायचं. आम्ही खाल्लं." जालना तेव्हा जिल्हाही नव्हता, औरंगाबादचा तालुका होता, जिल्हा झाला तो 1 मे 1981 ला.

धान्य आगबोटीतून आणता येतं, पाणी कसं आणणार? आमच्या जमिनीची घडण सोपी नाही. वर हातभर काळी माती, खाली मुरूम, त्याच्याखाली मांजऱ्या, आणि मग काळा पाषाण. पहार मारली तर ठिणगी उडते. विहीर पाषाणाला लागली की खोदणारा वर येतो, कपाळ पुसतो आणि मालकाकडं बघतो. पण पाणी असतं ते याच पाषाणाच्या भेगांमध्ये, खोल. तिथवर जायचं तर दाबाच्या हवेनं चालणारं यंत्र हवं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या चर्चनं जालन्यात पाण्याचा प्रकल्पच सुरू केला आणि अशी यंत्रं आमच्या पाषाणात घातली. चारेक इंची भोक. विहीर म्हणायला लोकांना लाज वाटायची. त्यात ना बादली उतरायची ना कासव.

भोक पडलं, पाणी लागलं. आता वर कसं काढायचं? तेव्हा मिळायचे ते ओतीव लोखंडाचे हातपंप. ते मूळचे अमेरिका-युरोपातल्या शेतघरांसाठी घडवलेले: नवरा, बायको, चार पोरं, दोन गाई. दिवसातून थोडेसे हलवायचे, मग झाकून ठेवायचे. आमच्याकडं त्या पंपावर पहाटे चारला रांग लागायची ती रात्री उशिरापर्यंत. मध्ये दुपारी बाया शेतात गेल्या की पोरं दांड्याला लोंबकळायची. एक खाली आला की दुसरा वर. त्या दांड्यानं हनुवटीला टाके पडलेले किमान दोघेजण प्रत्येक वर्गात असायचे. वर म्हशी पाठ घासायच्या. ओतीव लोखंड किती सोसणार? कणा तुटायचा, वायसर फाटायचा, आणि पंप गावच्या मधोमध उभा राहायचा, उपयोग शून्य. सत्तरच्या दशकाच्या मध्याला युनिसेफनं पाहणी केली तेव्हा देशात बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बंद सापडले. म्हणजे मदत पोचली होती, उद्घाटनं झाली होती, नारळ फुटले होते. पाणी तेवढं येत नव्हतं.

इथं मिशनच्या माणसांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी पंप बसवून स्कॉटलंडला अहवाल पाठवला आणि हात झटकले असं झालं नाही. पंप मोडतात, तर ते का मोडतात हे बघत बसले. जालन्याच्या मिशननं, सोलापूरच्या वेल सर्व्हिसवाल्यांनी आणि नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशननं आपापले पंप घडवले: पोलादाचे, जोडून केलेले, दांडा एकाच कण्यावर हलणारा, सांधे कमी म्हणजे झीज कमी. जालना पंप, सोलापूर पंप, वडाळा पंप अशी त्यांची नावं पडली; जालना आणि वडाळा मिळून 'जलवाड' असाही एक निघाला. बंगल्याच्या व्हरांड्यात एकीकडं रविवारच्या उपदेशाचे कागद आणि दुसरीकडं ग्रीसचा डबा, असं चित्र डोळ्यांसमोर आणायला मला आवडतं. उपदेशाच्या कागदावर ग्रीसचा अंगठा उमटला असेल तर तो उपदेश ऐकायला मीही गेलो असतो.

पुढं युनिसेफ, केंद्र सरकार आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीनं मिळून या घरगुती शहाणपणातून एक पंप पक्का केला. पाया धरला तो सोलापूरच्या नमुन्याचा. कोइमतूरच्या बाजूला चाचण्या झाल्या, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क टू' नावानं तो कारखान्यांतून बाहेर पडू लागला. लाखांच्या संख्येनं निघाला, आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत गेला. जालन्याचा नमुना मागं पडला. जालनेकरांना याचं जराही वाईट वाटत नाही, कारण त्यांना ते ठाऊकच नाही.

आमच्या गल्लीतला हापसा या मार्क टूच्या गोतावळ्यातला. सरकारी होता, त्याच्यावर कुठं क्रूस नव्हता की स्कॉटलंडचा झेंडा नव्हता. पहिले दहा-पंधरा हेलकावे कोरडे, आतून साखळीची खडखड, मग घशात काहीतरी अडकल्याचा आवाज आणि मग धार. हापसताना बायांचं बोलणं दांड्याच्या लयीत चालायचं. दांडा वर गेला की सासू, खाली आला की नणंद. ओट्याभोवती शेवाळ आणि त्यात कुणाची तरी शेळी. चांगदेव-ज्ञानेश्वर भेटीपासून कुठलाही विषय तिथं वर्ज्य नव्हता, पण हा हापसा आला कुठून हा प्रश्न कधी निघाल्याचं मला आठवत नाही. पाणी येत असलं की इतिहास विचारत नाहीत.

प्रश्न निघतो तो वेगळाच. कधी चहाच्या टपरीवर मिशनचा विषय निघाला की कुणीतरी डोळा बारीक करून म्हणतो, "ते सगळं खरं, पण बाटवायलाच आले ना?" हा प्रश्न हसून उडवण्यासारखा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत भाकरीपाठोपाठ बाप्तिस्मा घेणारे होते, आणि असे बाप्तिस्मे द्यावेत की देऊ नयेत यावर खुद्द मिशनऱ्यांत वाद होते. उपाशी माणसाचा होकार कितपत त्याचा असतो? पंडिता रमाबाईंना विचारलं असतं तर उत्तर चांगलं मिळालं असतं. त्यांचे आईवडील 1874 च्या सुमारास दुष्काळात अन्नावाचून गेले. पुढं 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य भारतात जाऊन शेकडो उपाशी मुली केडगावला घेऊन आल्या. त्यांच्या धर्मावरून पुण्यात रणकंदन झालं. मुली जेवत होत्या.

वसईकडं जुनी आख्यायिका आहे की पाद्र्यानं विहिरीत पाव टाकला, आणि ते पाणी प्यालेलं गावच्या गाव बाटलं. जालन्यात मिशननं पाव टाकायला विहीर शोधली नाही, विहीरच पाडून दिली. ती एवढी अरुंद की पाव टाकतो म्हटलं तरी आत जाणार नाही. आणि पाणी प्यालेले सगळे दर अंगारकीला राजूरला येतात. टपरीवर हे सांगितल्यावर डोळा बारीक केलेले गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग त्याईचा फायदा काय झाला?" हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा अवघड गेला.

आपल्याकडं मदतीच्या हिशेबाचा प्रश्न दामाजीपंतांनी सोडवलेला आहे, असं म्हणतात. मंगळवेढ्याचे ठाणेदार, दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं परवानगीशिवाय लोकांना मोकळी केली. चौकशी लागली. तेव्हा पांडुरंग विठू महाराचं रूप घेऊन बिदरला गेला, सगळे पैसे भरले आणि पावती घेऊन आला. आपत्ती निवारणाच्या इतिहासात लेखापरीक्षणाचा आक्षेप एवढ्या झटपट निकाली निघाल्याचं दुसरं उदाहरण नाही. बाकी सगळ्यांना कागद लागतो. चर्चच्या संस्था तर कागदाच्या बाबतीत फार कडक: फाळणीच्या निर्वासितांसाठी 1947 साली उभी राहिलेली 'कासा' असो की कॅथलिकांची संस्था, अंगठा घेतल्याशिवाय गोणी हलत नाही. यावर गावकरी वैतागतात. पण स्वतःची गोणी शेजाऱ्याच्या दारात सापडली की त्याच अंगठ्याची आठवण काढतात.

कागदाच्याही पुढं जाऊन अट घालणारा एक माणूस होऊन गेला: फादर हर्मन बाखर. स्वित्झर्लंडचे जेझुईट, तेव्हाच्या अहमदनगरला सोशल सेंटर चालवायचे. दुष्काळात धान्य वाटून वाटून त्यांच्या लक्षात आलं की पुढच्या दुष्काळात आपण पुन्हा इथंच उभे असणार. म्हणून त्यांनी पाणलोटाचं काम हाती घेतलं. आधी गावानं श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करायची, मग पैसा. फुकट मिळणारी गोष्ट घाम गाळून घ्यायला सांगणारा पाद्री लोकांनी आधी पाहिला नव्हता. त्यातून उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन कार्यक्रमातलं एक गाव आमच्या जालना तालुक्यातलं कडवंची. कृषी विज्ञान केंद्राच्या लोकांनी तिथं नव्वदच्या दशकात डोंगर बांधून काढला, शेततळी झाली आणि पाठोपाठ द्राक्षबागा आल्या. 2012 च्या दुष्काळात भोवतालची शिवारं करपली तरी तिथं मांडव हिरवे होते. येशूनं लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस केला ते एका दिवसात. कडवंचीनं तेच केलं, फक्त मध्ये काही वर्षं बांधबंदिस्ती केली.

आता हापशाचे दिवस भरत आले. बोअर चारशे-पाचशे फुटांच्या खाली गेलं, त्यात मोटार सुटली, नळयोजना आल्या, आणि हापशाच्या दांड्यावर कुणी टॉवेल वाळत घालतं. युनिसेफनं एके काळी गावागावांत पंपाची देखभाल करणारे नेमले होते. पाना घेऊन फिरायचे, साखळीला ग्रीस द्यायचे, मोठं काम निघालं तर तालुक्याच्या मिस्त्रीला कळवायचे. पुढं बायांनाही हे शिकवलं गेलं आणि त्यांनी ते पुरुषांपेक्षा नेटकं केलं, कारण पंप बंद पडला तर लांबून पाणी आणायला पुरुष जात नव्हता. हे सगळे लोक कुठल्याच फोटोत नाहीत. पंप चालू असताना त्याचा फोटो काढावासा कुणाला वाटत नाही.

तेव्हा संकट कुठंही येवो, आणि ते येणारच, तुमची मंडळी, तुमचं गणेश मंडळ, तुमची सोसायटी टेम्पो भरायला लागली की एवढं करा. बॅनर छापायला देण्याआधी त्या गावातल्या कुणा बाईला फोन लावा, पुरुषाला नको, आणि विचारा की गिरणी चालू आहे का, चूल कोरडी आहे का, पिण्याचं पाणी कुठून आणता. ती जे सांगेल तेच भरा. जुने कपडे पाठवू नका. थोडे पैसे मागं ठेवा, आणि सहा महिन्यांनी, फोटो जुने झाल्यावर, त्याच बाईला पुन्हा फोन करा.